लाल मफलर, हिरवे मफलर आणि पैलवानांची मिशी

आधी आत्यांचं सांगतो, मग काय घडलं ते. घडलेलं सांगायला लागलो की मी हमखास पैलवानांच्या मिशीपाशी अडकतो, ऐकणारे हसायला लागतात, मीही हसतो, आणि ज्या बाईमुळे मी काशीत टिकलो ती बाजूलाच राहते. या खेपेला तसं होऊ द्यायचं नाही.

आत्या म्हणजे रामघाटावरच्या गुरुजींची थोरली बहीण. गुरुजींची मुलं त्यांना आत्या म्हणायची, म्हणून गल्ली म्हणायची, दूधवाला म्हणायचा, नावाडी म्हणायचे, आणि मीही. मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. घराणं पिढ्यान्‌पिढ्या काशीतलं, त्यामुळे महाराष्ट्र त्यांनी फक्त नकाशात पाहिलेला. त्यांची मराठी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला वाटलं, या बाई वाक्यात मराठीतून शिरतात आणि हिंदीतून बाहेर पडतात. "तू खामखा परेशान होऊन राहिलास," हे त्या मला उठता-बसता सांगायच्या. हातात कायम विणकाम. घरातल्या प्रत्येकाच्या अंगावर त्यांचा एक तरी स्वेटर होता, आणि पायाशी उरलेल्या लोकरीची एक भलीमोठी पिशवी. ही पिशवी लक्षात ठेवा.

मी सांगोल्याकडचा. शाळा सातवीत सुटली. सुटली म्हणजे मीच सोडली, पण शाळेनेही मला धरून ठेवायची काही खटपट केली नाही. भूगोलाच्या नकाशात मी डोंगर हिरवे आणि जंगलं तपकिरी रंगवली होती. मास्तरांना वाटलं, पोरगं थट्टा करतंय. माझ्या मते मी अगदी नीट रंगवलं होतं. घरी डाळिंबाची बाग, तिथेही तीच गत. भाऊ झाडापुढे उभा राहून भराभर पिकलेली फळं तोडायचा, आणि मी प्रत्येक फळ हातात धरून, बोटाने वाजवून, त्याच्या कडा चपट्या झाल्यात का ते चाचपत बसायचो. भाऊ म्हणायचा, "तू डाळिंब तोडतोयस का त्याची नाडी बघतोयस?"

म्हणून यात्रेच्या बसबरोबर आचाऱ्याच्या हाताखाली निघालो. नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. काशीत मला टायफॉइड झाला आणि बस गयेला निघून गेली. आचारी म्हणाला, "येताना घेतो." बस परतली ती दुसऱ्याच वाटेने. गुरुजींच्या घरातल्या खालच्या खोलीत मी पडून होतो. आत्यांनी मुगाचं कढण पाजून पाजून मला उभं केलं आणि मग "जाशील कुठे आता?" म्हणून ठेवूनही घेतलं.

गुरुजींकडे महाराष्ट्रातून यात्रेकरू उतरायचे. गंगेत न्हायचे, पितरांचं श्राद्ध करायचे, विश्वेश्वराला जायचे, जेवायचे. पाणी तापवणं, बाजार करणं आणि घाटावर उतरलेली माणसं गल्ल्यांतून घरी आणणं, ही माझी कामं. काम मन लावून करायचो, पण जीव टांगणीला. हे लोक आपल्याला आज ना उद्या जा म्हणणार, अशी माझी खात्रीच होती. वळकटी मी कधी पुरती उलगडलीच नाही. निम्मी उलगडून झोपायचो, म्हणजे जायची वेळ आली तर गुंडाळायला सोपी.

आणि तशी वेळ यावी अशी कारणंही घडत होतीच. थंडीत काशीच्या बाजारात लोणच्याच्या जाडजूड लाल मिरच्या येतात. गुरुजींच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी, त्या आणायला धाडलं. मी एकेक निवडून टोपली भरून आणली. काकूंनी टोपलीत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"अरे, यात निम्म्या हिरव्या आहेत! डोळे गावी ठेवून आलास काय?"

"काकू, सगळ्या ताज्या आहेत."

"ताज्या आहेत रे बाबा! लाल आहेत का?"

मी टोपलीत पाहिलं. मला ती एका घरची भावंडं दिसत होती.

गुरुजींना गणपतीला तांबडी जास्वंद लागायची. गच्चीवरच्या कुंडीत झाड होतं. मला फुलं आणायला इतका वेळ लागायचा की गुरुजींचं अथर्वशीर्ष संपून जायचं. त्यांना वाटायचं मी वर जाऊन पतंग बघत बसतो. खरं म्हणजे मी पानांमधून हात फिरवत फुलं हुडकत असायचो. इतरांना ती लांबूनच दिसतात हे मला ठाऊकच नव्हतं. मला वाटे, सगळे चाचपूनच तोडतात, फक्त माझ्यापेक्षा चपळ आहेत.

आणखी एक छोटी गोष्ट. गुरुजींचा एक खाकी स्वेटर होता, अर्थात आत्यांनी विणलेला. एकदा वाळत घालताना मी सहज म्हणालो, "गुरुजी, याची डावी बाही वेगळ्या रंगाची का आहे?"

घर हसलं. काकूंनी बाही उजेडात धरून पाहिली. मुलांनी पाहिली. गुरुजी म्हणाले, "मिरचीत रंग दिसत नाहीत आणि बाहीत जास्तीचे दिसतात, वा!" एकट्या आत्या हसल्या नाहीत. विणायच्या सुया थांबवून त्यांनी माझ्याकडे असं काही पाहिलं की मी त्या रात्री वळकटी उलगडलीच नाही.

आता ती सकाळ. पौषातली थंडी, गंगेवर धुकं असं की घाटाची खालची पायरी वरच्या पायरीला दिसत नव्हती. कोल्हापूरकडची मंडळी यायची होती. त्यांच्या यात्रेच्या मॅनेजरने आधी निरोप दिला होता, 'आमच्या सर्वांच्या गळ्यात लाल मफलर असतील, चुकामूक नको.' गुरुजींनी मला तीनतीनदा बजावलं. लाल मफलर. मी घाटाच्या पायऱ्या उतरेपर्यंत घोकत होतो.

त्याच सकाळी दुर्गाघाटावरच्या शास्त्रीबुवांकडेही एक यात्रा येणार होती, जळगावकडची. त्यांच्या गळ्यात हिरवे मफलर. खरं तर त्यांच्या नावा पुढे दुर्गाघाटाला लागायच्या, पण धुक्यात नावाडी पुढे जाईनात. सगळ्यांना त्यांनी रामघाटावरच उतरवलं. पायऱ्यांवर मराठीचा नुसता गलका. मफलर, मफलर, मफलर. मी डोळे ताणून पाहिलं आणि पहिला जो घोळका नीट लाल दिसला त्याच्याकडे गेलो. शंकेला जागाच नव्हती. दुसऱ्या घोळक्याचा लाल जरा मळका वाटला.

"चला मंडळी, गुरुजींकडे चला! आंघोळीला गरम पाणी तयार आहे!"

त्या थंडीत 'गरम पाणी' ऐकल्यावर कोण कुणाचं गाव विचारतो? अख्खा घोळका माझ्यामागे. त्यांचा मॅनेजर मागे नावाड्याशी हुज्जत घालत होता, तो धुक्यातच राहिला.

पातेली रिकामी झाली, पोह्यांची कढई खरवडून झाली, आणि चहाचं दुसरं आधण चालू असताना काकू माझ्याजवळ येऊन कुजबुजल्या, "काय रे, हे कोल्हापूरकडचे आहेत ना? यांची बोली कानाला तशी लागत नाही."

तेवढ्यात एक आजी समाधानाने म्हणाल्या, "जळगावहून निघाल्यापासून एवढं कढत पाणी आजच भेटलं, माय."

काकूंच्या हातातली किटली वाकडी झाली. "आणि हे गळ्यातले मफलर हिरवे कसे?"

मी आजींच्या मफलरकडे पाहिलं. माझ्या डोळ्यांना तो लालच होता. काकूंना तो हिरवा दिसत होता. आमच्यापैकी एकाला वेड लागलं होतं, आणि घर काकूंचं होतं.

इकडे हे, तर तिकडे दुर्गाघाटावर कोल्हापूरकर पोचले होते. शास्त्रीबुवा स्वतः रामघाटावर येऊन त्यांना घेऊन गेले होते. आणि शास्त्रीबुवा विधीच्या बाबतीत भलते कडक. श्राद्ध म्हणजे आधी क्षौर, आणि क्षौर म्हणजे डोकं आणि मिशी, दोन्ही साफ. आमच्या गुरुजींनी मात्र कोल्हापूरकरांच्या म्होरक्याला आधीच शब्द दिला होता की मिशीला हात लागणार नाही. हा म्होरक्या म्हणजे जुना पैलवान. मिशी अशी की तिच्यावर म्हणे लिंबू ठेवता यायचं. शास्त्रीबुवांना या शब्दाचा पत्ता नव्हता. पैलवान पहाटेपासून जागे, न्हाव्यापुढे बसल्या बसल्या त्यांना डुलकी लागली.

दुपारी पैलवान आमच्या दारात उभे राहिले ते लाल मफलर नाकापर्यंत गुंडाळून.

"गुरुजी," मफलरच्या आतून आवाज आला, "मिशीला हात लावणार न्हाई म्हनला हुता न्हवं?"

गुरुजींनी हात जोडले. "हो, म्हणालो होतो."

"मग ही बगा." त्यांनी मफलर खाली केला. काकू पदर तोंडाला लावून आत पळाल्या. त्या रडायला गेल्या नव्हत्या, हे पैलवानांनाही ऐकू आलं. "आता घरला कुठल्या तोंडानं जाऊ? मालकीन दारात उबी ऱ्हाऊन म्हनंल, पावनं कुठलं?"

त्यांच्या मागोमाग शास्त्रीबुवा, आणि त्यांच्यामागे त्यांच्या पत्नी शास्त्रीणबाई. दोन्ही घरांत बोलणं नव्हतंच कित्येक वर्षं. आणि आता हे. क्षेत्राच्या ठिकाणी एखाद्याचे यजमान, म्हणजे त्याच्याकडे ठरलेले यात्रेकरू, पळवणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. कुणाच्या ताटातलं ओढून घेणं परवडलं. यजमान पिढ्यांचे असतात. त्यांना गरम पाण्याची लालूच दाखवून दुसऱ्याने नेणं म्हणजे घाटावर तोंड दाखवायला जागा नाही.

"सरासर धोका!" शास्त्रीबुवा गरजले. "हा माणूस मुद्दाम पायऱ्यांवर उभा केला होतात तुम्ही. गरम पाणी, गरम पाणी ओरडत होता! मी याला रविवारच्या गाडीने परत गेलेला पाहिला नाही, तर दुर्गाघाटापासून अहिल्याबाई घाटापर्यंत एकेका मराठी घरात जाऊन सांगेन, रामघाटवाल्यांनी यजमान पळवायला माणूस पाळलाय."

गुरुजी भले माणूस, पण घराण्याच्या नावापुढे त्यांचाही इलाज चालेना. शास्त्रीबुवा गेल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू मुद्दाम केलं नसशील. पण लाल आणि हिरवा कळत नाही असं कुणाला सांगू मी? कोण मानेल? रविवारी जा बाबा."

मी खाली जाऊन वळकटी गुंडाळायला घेतली. निम्मीच गुंडाळायची होती, तरी जमेना. गावी काय सांगणार होतो? काशीला जाऊन यजमान चोरले म्हणून हाकललं? भाऊ पुन्हा डाळिंबाखाली उभा करणार आणि म्हणणार, बघ बाबा नाडी.

संध्याकाळी आत्यांनी गच्चीवर बोलावलं. गुरुजींनाही. जास्वंदीच्या कुंडीपाशी खुर्ची टाकून विणत बसल्या होत्या.

"अरे, ती फुलं दिसतात तुला?" त्यांनी विचारलं.

"शोधली की सापडतात, आत्या."

"मतलब दिसत नाहीत." त्या गुरुजींकडे वळल्या. "आणि तुला?"

"मला का नाही दिसणार, ताई? ही काय, लालभडक."

"जरा थांब. उजेड उतरू दे."

आम्ही तिघं जास्वंदीकडे बघत बसलो. पलीकडच्या गच्चीवरच्या बाई आमच्याकडे बघत बसल्या. सूर्य मागच्या घरांआड गेलेला होता, हळूहळू अंधारून आलं, आणि गुरुजी एकदम म्हणाले, "अरे! फुलं काळी पडली. पानं दिसतायत अजून."

"पडली ना? फूल तेच, डोळे तेच. मग लाल गेला कुठे?" आत्या आता शाळेत होत्या. "डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला, एक पडदा असतो. त्यावर दोन तऱ्हेच्या पेशी. एक दंडासारख्या, त्या अंधुक उजेडात कामाला येतात, पण त्यांना रंगाचं काही कळत नाही. दुसऱ्या शंकूसारख्या. रंग त्या ओळखतात, पण त्यांना उजेड भरपूर लागतो. उजेड गेला की शंकू झोपले. म्हणून अंधारात तूही रंगांध, मीही रंगांध, काशीनरेशही रंगांध."

"आणि उजेडात?" गुरुजींनी विचारलं.

"उजेडात तीन तऱ्हेचे शंकू काम करतात. समज, आमटी चाखायला तीन बायका बसवल्या. एक लालकडची, एक हिरव्याकडची, एक निळ्याकडची. प्रत्येक जण चाखून आपापलं सांगते, कमी आहे, जास्त आहे. एकटीच्या सांगण्यावरून काहीच कळत नाही. तिघींचं ऐकून, ताडून, मेंदू ठरवतो की हा रंग अमुक. आता त्यातल्या लालकडची आणि हिरव्याकडची अशा निघाल्या की दोघी दर वेळी एकच सांगतात. हिने म्हटलं जास्त, की तीही म्हणते जास्त. मग?"

"मग काय कळणार, कप्पाळ," गुरुजी म्हणाले. "आमच्याकडे दोन चुलत्या अशाच होत्या."

"बस! याच्या डोळ्यांत त्या दोन चुलत्या आहेत."

"आत्या, म्हणजे मी आंधळा होणार?"

"बिलकुल नाही. जसा आहेस तसाच राहशील. कुणाची लालवाली कच्ची असते, कुणाची हिरवीवाली, दोन्हींत लाल-हिरव्याचा गोंधळ. क्वचित कुणाची निळीवाली कच्ची असते, त्याला निळ्या-पिवळ्यात गडबड. आणि फारच क्वचित एखाद्याला रंग असतातच कुठे, सगळं राखाडी, वर उन्हात डोळे दिपतात. तुझं त्यामानाने काहीच नाही. बारा-पंधरा पुरुषांत एखाद्याला असतं हे. बायकांत फार कमी."

"बायकांत का कमी?"

"कारण हे येतं आईकडून मुलाकडे. ज्या गुणसूत्रावर हे असतं त्याचे आईपाशी दोन नग असतात, एक बिघडला तरी दुसरा सांभाळून घेतो. मुलाला एकच मिळतो. तुझ्या आईला सगळे रंग दिसत असतील, पण तिच्या वडिलांचं विचार."

आणि मला एकदम आजोबा आठवले. माझ्या आईच्या लग्नात ते राखाडी फेटा बांधून आले होते आणि जो भेटेल त्याला सांगत होते, "खास गुलाबी घेतलाय, पोरीचं लगीन." आमच्याकडे ही गोष्ट अजून हसून सांगतात. त्या गच्चीवर पहिल्यांदाच मला आजोबांची फार आठवण आली. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना तो गुलाबीच होता.

गुरुजी म्हणाले, "ताई, मी मानलं. पण दुर्गाघाटवाला मानेल? तो म्हणेल, सोंग करतोय. मला दिसत नाही, असं कुणीही म्हणू शकतं."

"बरोबर," आत्या म्हणाल्या. "म्हणून याला काय दिसत नाही ते दाखवायचंच नाही. याला काय दिसतं ते दाखवायचं. उद्या त्यांना बोलाव. आणि तू तो खाकी स्वेटर घालून बस."

दुसऱ्या दिवशी दुपारी ओसरीवर दोन्ही घरं जमली. शास्त्रीबुवा पाट टाकूनही बसले नाहीत, उभेच. शास्त्रीणबाई मात्र बसल्या. पैलवानही होते, नाकापर्यंत मफलर. मला घाम फुटलेला, भर पौषात.

आत्यांनी पिशवीतली लोकर चटईवर ओतली आणि मला म्हणाल्या, "लाल वेगळी कर, हिरवी वेगळी."

मी अगदी मनापासून दोन ढीग केले. शास्त्रीणबाई पहिल्यांदा खुदकन हसल्या, मग काकू, मग पैलवानांचा मफलर हलायला लागला. माझ्या लाल ढिगाकडे बघून पैलवान म्हणाले, "आयला, ह्यात माज्या शेतातली मेथी हाय!"

"सोंग," शास्त्रीबुवा म्हणाले. "उलटंपालटं करायला काय लागतं?"

"ठीक," आत्या शांतपणे म्हणाल्या. "आता सगळ्यांनीच बघा. या स्वेटरमध्ये काही वेगळं दिसतं?"

गुरुजी खाकी स्वेटर घालून हात पसरून उभे राहिले, शेतातल्या बुजगावण्यासारखे. काकूंनी पाहिलं, काही नाही. शास्त्रीणबाईंनी चष्मा लावून पाहिलं, काही नाही. पैलवानांनी मागून पुढून पाहिलं आणि म्हणाले, "पोट जरा सुटलंय."

"सांग रे," आत्या मला म्हणाल्या.

"डावी बाही वेगळी आहे," मी घाबरत म्हणालो.

पुन्हा हशा. आत्यांनी हात वर केला. "बाही वेगळीच आहे. विणताना लोकर संपली, दुसऱ्या दुकानातून आणली, जरा फरक पडला. पण इतका बारीक की मी सांगेपर्यंत कुणालाच दिसला नाही. खाकीतले असले फरक या मुलासारख्यांना आपल्यापेक्षा चांगले दिसतात. आता याचं सोंग करून दाखवा कुणी."

"यात सोंग कसलं?" शास्त्रीबुवा उसळून म्हणाले. "यात दिसण्यासारखं काय आहे? डावी बाही वेगळी आहे हे शेंबड्या पोरालाही दिसेल! इतकी वर्षं मी बघतोय तो स्वेटर. मला वाटायचं, कंजुषी, जुन्या बाह्या जोडून वापरतात. मी कधी बोललो नाही, म्हटलं घरचं झाकलेलं बरं."

गुरुजींचे पसरलेले हात तसेच राहिले.

आत्यांनी सावकाश मान वळवली. "तुम्हाला दिसते? ती बाही?"

"स्वच्छ!"

"मग जरा इकडे या, शास्त्रीबुवा. ही लोकर लावा बघू. लाल वेगळी, हिरवी वेगळी. बस, या मुलाला दाखवा, कसं करायचं असतं ते."

शास्त्रीबुवा उत्साहाने बसले. भराभर हात चालवले. त्यांचा ढीग आणि माझा ढीग शेजारी शेजारी, जुळ्या भावंडांसारखे. तीच मेथी त्यांच्याही लालमध्ये.

शास्त्रीणबाई उठून उभ्या राहिल्या. कुणी हसायच्या आत त्यांचा आवाज आला, "म्हणजे... दर दिवाळीला मी सांगायचे, अहो, लाल साडी आणा, आणि तुम्ही आणायचात ती..."

"लालच आणायचो मी!"

"शेवाळी! शेवाळी आणायचात! मला वाटायचं, माझी हौस करायची नाही म्हणून मुद्दाम आणता. माहेरी मी काय काय सांगितलंय तुमच्याबद्दल!"

"काय सांगितलंय?"

"ते जाऊ दे आता."

आत्यांनी जळगावच्या आजी विसरून गेलेला हिरवा मफलर आणि एक लाल मफलर समोर धरला. लाल पैलवानांच्या गळ्यातलाच ओढला होता, त्यामुळे त्यांना नाक हाताने झाकावं लागलं. "शास्त्रीबुवा, एकच विचारते. या मुलाने तुमचे हिरवे नेले, कबूल. पण घाटावर तुम्ही स्वतः उभे होतात. तुम्ही आमचे लाल कसे नेलेत?"

शास्त्रीबुवांनी एका मफलरकडे पाहिलं, दुसऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आयुष्यात त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदाच माणसाकडे बघतात तसं पाहिलं.

"मला वाटलं," ते हळूच म्हणाले, "त्या दुसऱ्यांचा हिरवा जरा मळका आहे."

"मलाही!" मी ओरडलोच. "मलाही दुसऱ्यांचा मळका वाटला होता!"

मग जे हसणं सुरू झालं त्यात शेवटी पैलवानही सामील झाले. हसता हसता म्हणाले, "दोन आंधळ्यांच्या मदी माजी मिशी ग्येली की वो!" आणि मग जरा थांबून, "वाढंल. मिशीच हाय. बायकोला पैलं एक पत्र टाकायला लागंल, न्हाईतर दार उघडायची न्हाई."

रविवारची गाडी माझ्याविना गेली. गुरुजींनी काही मोठं बोलून दाखवलं नाही. फक्त सकाळी मला म्हणाले, "जास्वंद ताई तोडेल. तू चंदन उगाळ." काकूंनी मिरच्या आणायचं काम मुलांकडे दिलं आणि मला भरायच्या मसाल्यावर बसवलं. आत्यांनी यात्रावाल्यांना कळवलं की पुढच्या खेपेपासून एकांना निळे मफलर द्या, दुसऱ्यांना पिवळे. "हे दोन रंग," त्या म्हणाल्या, "तुम्हा दोघा रत्नांना आमच्याइतकेच साफ दिसतात." तेव्हापासून चुकामूक झाली नाही. निदान मफलरमुळे झाली नाही.

शास्त्रीबुवांचं आणि माझं एक वेगळंच नातं जुळलं. बाजारात गाठ पडली की ते टोमॅटो हातात घेऊन माझ्याकडे धरायचे. "हा कसा आहे रे?" मी म्हणायचो, "मला लाल वाटतो." ते म्हणायचे, "मलाही." मग आम्ही दोघं गपचूप तो खाली ठेवायचो आणि भाजीवालीला विचारायचो. ती दोन्ही घाटांवर सांगत फिरायची की महाराष्ट्रातले लोक फार शंकेखोर असतात.

आणि त्या रविवारी रात्री मी वळकटी उलगडली. पूर्ण. तिच्या तळाला काय काय निघालं ते सांगत नाही, एक जुना लाडूही निघाला. आत्या जिन्यावरून जाताना म्हणाल्या, "लाडूच्या वासाने आल्या बघ मुंग्या! आता झाड ती खोली." एवढंच. पण मला कळलं की मी राहतोय.

शाळेबद्दल मात्र त्या एकदाच बोलल्या. मी नकाशाची गोष्ट सांगितली होती, हिरव्या डोंगरांची. त्या विणत राहिल्या आणि म्हणाल्या, "मी तुझी मास्तरीण असते ना, तर तुला विचारलं असतं, हे तुला कसं दिसतं?"

आता आत्या बऱ्याच थकल्या आहेत. मोतीबिंदू काढल्यावर गंगा अचानक जास्त निळी झाली म्हणून खूश होत्या. जुन्या पिवळट भिंगातून इतकी वर्षं आपणही चुकीचंच बघत होतो, असं मला मुद्दाम बोलावून सांगितलं. महाराष्ट्र अजून पाहिलेला नाही.

आत्या, हे मी तुम्हाला सांगून ठेवतो. एक दिवस मी तुम्हाला सांगोल्याला नेणार. बागेत डाळिंब पिकलं असेल अशा दिवसांत. मधल्या ओळीत खुर्ची टाकून देईन, स्वेटर घालून बसा, गरज नसली तरी. तुम्ही फक्त बोट दाखवायचं, तो बघ, तो, आणि तो. नाडी न बघता मी तोडणार, भावाच्या देखत. आणि सोलून दाणे वाटीत घालून तुमच्या हातात देणार. ते लाल आहेत की नाहीत, हे मात्र तुम्हीच मला सांगायचं.